दहावीतला तो धडा आमच्या वर्गात झालाच नाही

तुम्ही विचारलंय की विज्ञानाच्या तासाला उत्क्रांतीच्या जोडीने ‘सृष्टी देवाने घडवली’ हेही शिकवावं का, आणि विद्यार्थ्यांना काय वाटतं. मी नाशिकला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. माझं उत्तर ‘नाही’. पण ‘दोन्ही शिकवा’ हा वाद मुळात अमेरिकेतला. तिथे १९२५ साली उत्क्रांती शिकवली म्हणून एका शिक्षकावर खटला झाला होता, आणि १९८७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘दोन्ही शिकवा’ सांगणारा लुईझियानाचा कायदा रद्द केला. आपलं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडे उत्क्रांतीच धड शिकवत नाहीत.

राज्य मंडळाच्या माझ्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा होता ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. सरांनी आनुवंशिकता झकास शिकवली, फळ्यावर डीएनएची शिडी काढून. मग अवशेषांगं आली, म्हणजे आता फारसा उपयोग न उरलेले अवयव. सर ‘माकडहाड’ म्हणाले आणि मागच्या बाकावरून हूप-हूप सुरू झालं. सरही हसले. “डार्विन म्हणतो ते म्हणतो. फरक स्पष्ट करा आणि जोड्या लावा, एवढं पाठ करा.” झाला धडा! (माकडहाड हे नाव काही डार्विनने दिलेलं नाही, ते आपल्या मराठीचंच.)

एका मुलीने विचारलं होतं, माणूस माकडापासून झाला तर आताची माकडं माणूस का होत नाहीत? उत्तर मिळालं नाही. खरं तर आपल्या भाऊबंदकीच्या भाषेत ते दोन वाक्यांत सांगता येतं. चुलतभावाच्या पोटी आपण जन्मत नाही, आपले आजोबा एक असतात. माणूस आणि चिंपांझी यांचे असे सामाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला एक केंद्रीय राज्यमंत्रीही म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही, म्हणून डार्विन चूक. तेव्हा देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांना एकत्र निवेदन काढावं लागलं. पुढे एनसीईआरटी या केंद्राच्या पाठ्यपुस्तक संस्थेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली, नुसती आनुवंशिकता उरली. त्यावर २०२३ मध्ये १८०० हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी सह्या करून निषेध केला. पण पुस्तकात धडा ठेवून तो वर्गात गाळला, तर सह्या कुठे करायच्या?

देवाधर्माशी माझं भांडण नाही. आजी अंजनेरीला जाते ती अंजनीमातेच्या दर्शनाला, आमचं कॉलेज जातं ते कंदीलपुष्प बघायला. डोंगर तोच. दशावतारात मत्स्य, कूर्म, वराह असा क्रम आहे म्हणून ‘उत्क्रांती आपल्याला आधीच माहीत होती’ म्हणणारे मात्र मला पटत नाहीत. गोष्ट सुंदर आहे, मराठीच्या तासाला जरूर सांगा. पण ती चूक ठरवायची तर काय शोधायचं, हे सांगता येत नाही, म्हणून विज्ञानाच्या तासाला नको.

मला हा धडा कळला तो बागेत. निफाड तालुक्यात आमची द्राक्षं आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डावणी रोग येतो. पानावर तेलकट डाग, पान उलटलं की पांढरी बुरशी. वडील वर्षानुवर्षं एकाच गटातलं औषध मारत आले. एका वर्षी तीन फवारण्या झाल्या तरी डाग वाढतच गेले. वडील म्हणाले, “बुरशी सरावली औषधाला.”

मी म्हटलं, सरावली नाही. हे डार्विनच्या आधीच्या लॅमार्कसारखं झालं, सवयीने जीव बदलतो आणि तो बदल पोरांत उतरतो म्हणणारा. लाखो बीजाणूंमध्ये थोडे आधीच असे होते की ज्यांना ते औषध बाधत नव्हतं. बाकीचे मेले, हे उरले, आणि बाग त्यांच्याच पोरांनी भरली.

वडील पान हातात धरून जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे पैसे मोजून आपणच निवडून वाढवली की रे ही!”

दहावीत आमच्या वर्गातली निम्मी पोरं बागाईतदारांची होती. सरांची स्वतःचीही बाग होती.