जुन्या गाडीचा सीट बेल्ट ओढला की अडकतो, सोडला की आत जात नाही. घरच्या घरी मोकळा करता येईल का?

बहुतेक वेळा येतो. पण गॅरेजवाल्याने त्यात तेलाचा स्प्रे मारायला बाटली उचलली, तर गाडी घेऊन तिथून निघा.

आत जात नसेल तर दोष सहसा स्प्रिंगचा नसतो, मळाचा असतो. खांद्याच्या वर ज्या कडीतून पट्टा खाली वळतो, ती आतून बोटाने पुसून बघा. घाम, डोक्याचं तेल आणि धूळ मिळून झालेला काळा चिकट थर हाताला लागेल. ओल्या फडक्याने ती कडी लख्ख करा. मग पट्टा हळूहळू पूर्ण बाहेर ओढून मोठ्या क्लिपने अडकवून ठेवा, कोमट पाण्यात साधा साबण घालून विणीच्या दिशेने ब्रश मारा आणि सावलीत रात्रभर वाळू द्या. ओला आत सोडलात तर पावसाळ्यात बुरशी धरणार. पेट्रोल, थिनर, ब्लीच लावू नका, धागा कमजोर होतो.

हे एवढं पोटतिडकीने लिहितोय कारण आमच्या घरात यावरून भांडण झालंय. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमची २००८ ची गाडी सीटच्या वरपर्यंत बुडाली. पुढच्या पट्ट्यांची गुंडाळी, म्हणजे रिट्रॅक्टर, दाराच्या मधल्या खांबात अगदी तळाशी असते, त्यामुळे गाळ आधी तिथे. मेकॅनिकने इंजिन, वायरिंग बघितलं आणि अडकलेल्या पट्ट्यांत भरपूर तेल मारलं. पट्टे सुरसुर यायला-जायला लागले. भावोजी म्हणाले, "झालं की काम!"

मला पटेना. खांबाचं कव्हर काढलं, १७ च्या पान्याने बोल्ट सोडला आणि रिट्रॅक्टर हातात घेतला. त्याच्या कडेला एका डबीत पोलादी गोळी असते. ब्रेक लागला किंवा गाडी कलंडली की ती सरकते आणि पट्टा जाम होतो. चांगला रिट्रॅक्टर हलवला की गोळी खुळखुळते, तिरका धरला की पट्टा येतच नाही. आमचा हलवला तर आवाज नाही. आडवा धरून ओढला तरी पट्टा हातभर बाहेर आला, आणि त्याच्याबरोबर तेलात कालवलेला तांबडा गाळ. म्हणजे धडक बसली असती तर तो पट्टा माणसाला धरणारच नव्हता.

दोन्ही पुढचे नवीन बसवले. त्यावर भावोजींचं म्हणणं, एवढ्या जुन्या गाडीला नवे पट्टे म्हणजे पैशाचा चुराडा. पोलीस दिसला की खांद्यावर ओढायचा, बास. मी म्हणतो, गुळगुळीत टायर बदलताना गाडीचं वय कोणी काढत नाही. मग पट्ट्याच्या वेळीच का काढायचं? मोटार वाहन कायद्याच्या १९४ब कलमाचा हजार रुपये दंड वाचवायला पट्टा नसतो. आणि मागच्या सीटवर गरज नाही म्हणणाऱ्यांनी सप्टेंबर २०२२ मधला पालघरजवळचा उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघात आठवावा. मोठी गाडी होती. गेले ते दोघंही मागे बसलेले, आणि पट्टा लावलेला नव्हता.

तुमचा पट्टा बाहेरच येत नसेल तर झटके देऊ नका, झटक्याने तो आणखी अडतो. थोडा आत जाऊ द्या, मग सावकाश ओढा. गाडी घाटात किंवा उतारावर तिरकी उभी असेल तर सपाटीवर आणून बघा, गोळीमुळे तिथे अडणं साहजिक आहे. कुणी रिट्रॅक्टर काढून वाकडा बसवला असेल तरी हेच होतं. पिळ पडलाय का तेही पाहा.

आता हे आधीच सांगायला हवं होतं: गाडीत एअरबॅग असेल तर रिट्रॅक्टरला हात लावू नका. त्यात पट्टा खेचून घेणारा छोटा स्फोटक भाग असू शकतो, ते काम कंपनीच्या वर्कशॉपचं. स्प्रिंगचं झाकण तर कोणीच उघडू नये. ती ताणलेली असते, हात फाडेल. गाडी जोरात ठोकलेली असेल, पट्टा कडेला विसविशीत झाला असेल किंवा पुरात बुडाली असेल, तर धुण्यात वेळ घालवू नका, सरळ नवीन घ्या. भंगारातला नको, तो कुठल्या अपघातातून आलाय हे विकणाराही सांगणार नाही.

धुऊन मोकळा झाला तर रोज वापरण्याआधी झटका देऊन बघा. अडला पाहिजे. नाही अडला, तर कितीही सुरसुर चालू दे, तो बदलायचाच. घरचे काहीही म्हणोत.