इंग्लिश सॉनेट ओळखायचं कसं? चौदा ओळी मोजल्या की झालं का?

सॉनेट म्हणजे चौदा ओळींची, ठरावीक यमकांची कविता. तुम्ही लिहिलंय की चौदा ओळी आणि यमकांचा आराखडा पाठ आहे, पण समोर कविता आली की काही सुचत नाही. बी.ए.ला माझंही हेच झालं होतं. गाइडमधलं 'कखकख गघगघ चछचछ जज' (एका अक्षराच्या ओळींचं यमक एक) घोकलं आणि पेपरात तेवढंच उतरवून आलो.

आधी लय. शिवतांडव स्तोत्र कानावरून गेलंच असेल. 'जटाटवीगलज्जल...' म्हणून बघा, ल-गा ल-गा (लघु-गुरू) असं चालतं. ते पंचचामर वृत्त, त्यात ही जोडी आठ वेळा येते. सॉनेटच्या ओळीत पाच वेळा, आणि त्यालाच आयँबिक पेंटामीटर म्हणतात. फरक एवढाच की आपण लघु-गुरू बघतो, इंग्रजीत उच्चारातला जोर बघायचा. (मी कित्येक महिने इंग्रजी ओळींत ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसलो होतो!)

आता यमकं. हा साचा शेक्सपिअरच्या नावाने ओळखला जात असला तरी तो त्याचा नाही. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाच्या काळात वायट या कवीने इटालियन कवी पेत्रार्कची सॉनेटं इंग्रजीत आणली आणि सरे या दुसऱ्या कवीने हा साचा बसवला. पेत्रार्कच्या पहिल्या आठ ओळींत दोनच यमकं, म्हणजे एकेकाला चार-चार शब्द हवेत. इटालियनमध्ये ते सहज मिळतात, इंग्रजीत मारामार. सरेच्या साच्यात यमकं सात, पण प्रत्येकाला दोन शब्द पुरतात. त्यातून चार-चार ओळींची तीन कडवी आणि शेवटी दोन ओळींची जोडी अशी रचना झाली.

तिचा उपयोग काय, ते शेक्सपिअरच्या ७३व्या सॉनेटमध्ये दिसतं. 'दॅट टाइम ऑफ यिअर दाउ मेस्ट इन मी बिहोल्ड' अशी सुरुवात. (टाइम, यिअर, मेस्ट, मी, होल्ड, पाच ठोके बरोबर पडले ना?) म्हातारपण जवळ आलेला माणूस बोलतोय. पहिल्या कडव्यात तो पानगळीचं झाड आहे, दुसऱ्यात सूर्य बुडाल्यावरचा संधिप्रकाश, तिसऱ्यात स्वतःच्याच राखेवर विझत चाललेली आग. नुसत्या तीन उपमा म्हणून सोडून देऊ नका. ऋतू, मग दिवस, मग निखारा. दर कडव्याला हातातला वेळ कमी होत जातो. झाडाला पुन्हा पालवी फुटेल, दिवस पुन्हा उगवेल, विझलेली आग मात्र परत पेटत नाही. आणि शेवटच्या जोडीत तो समोरच्याकडे वळतो: हे तुला दिसतंय, म्हणूनच तुझं प्रेम वाढतंय.

गाइडं सांगतात की कलाटणी, म्हणजे कवीचा विचार वळतो ती जागा, शेवटच्या दोन ओळींतच असते. त्यावर विसंबू नका. शेक्सपिअरच्या १३०व्या सॉनेटमध्ये ती तिथे आहे, पण १८व्यात नवव्या ओळीलाच 'बट' (पण) येतो. तेव्हा परीक्षेत आधी 'बट', 'येट' कुठे आहेत ते शोधा आणि मग त्याआधी-नंतर कवी काय म्हणतोय ते लिहा.

केशवसुतांनी हा प्रकार मराठीत आणला, आपण त्याला सुनीत म्हणतो. ओळी तिथेही चौदाच.

ओळी मोजण्याबद्दल म्हणाल, तर १६०९ साली छापलेल्या शेक्सपिअरच्या १५४ सॉनेटांत ९९वं पंधरा ओळींचं आहे आणि १२६वं बाराच ओळींचं.