वाचक विचारतात: गुगलला यादी सापडत नाही, मग अर्जात काय लिहायचं?

प्रश्न (रावेरहून एक शेतकरी): केळीच्या फळपीक विम्याची गावनिहाय यादी वेबसाइटवर टाकलीय असं आमच्या इथलं एक सरकारी कार्यालय सांगतं, पण गुगलवर कितीही शोधा, येतच नाही. 'यादी गुगलवर का दिसत नाही' असा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला तर उत्तर आलं, प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. मुद्दाम लपवलीय का हे कसं कळणार?

उत्तर: भाऊ, 'का' लिहिलं तिथंच अर्ज पडला तुमचा. सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये सीबीएसईच्या केसमध्ये सांगून ठेवलंय की कार्यालयाकडे जे रेकॉर्ड आहे ते द्यायचं, नवीन माहिती बनवून द्यायची नाहीतर मत सांगायची सक्ती नाही. म्हणून कारण मागू नका, कागद मागा.

पण त्याच्या आधी निम्मं काम घरी बसून फुकटात होतं. वेबसाइटच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ (/) देऊन रोबोट्स डॉट टीएक्सटी (robots.txt) इंग्रजीत टाइप करा, ती फाइल कोणालाही उघडता येते, तिच्यात 'डिसअलाउ' (Disallow) लिहून पुढं ज्या फोल्डरचं नाव असेल तिथं सर्च इंजिननं जाऊ नये असं सांगितलेलं असतं. १९९४ साली मार्टाइन कोस्टर यांनी ही पद्धत सुचवली, अन ती नुसती विनंती आहे, ऐकायची का नाही ते त्या सर्च इंजिनवर. दुसरं म्हणजे पानाचा सोर्स, म्हणजे त्याच्या मागचा कोड, उघडून 'नोइंडेक्स' (noindex) शब्द शोधा, तो सापडला तर मात्र गुगलला सरळ सांगितलंय की हे पान तुझ्या शोधात दाखवू नको.

माझं मत विचाराल तर लपवाछपवीपेक्षा गलथानपणाच जास्त असतो. यादी ड्रॉपडाउनच्या मागे, तालुका निवडा गाव निवडा कॅप्चा भरा मग दिसणार, आता गुगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, काही रावेर निवडून कॅप्चा भरत बसत नाही. नाहीतर कागदाचा वाकडातिकडा फोटो काढून त्याची पीडीएफ. नाहीतर जुना मराठी फॉन्ट, युनिकोड (सगळीकडे मराठी मराठीच दिसेल अशी अक्षरपद्धत) नसलेला, हा तर घरोघरी. पीडीएफमधून 'केळी' शब्द कॉपी करून व्हॉट्सअपमध्ये पेस्ट करून बघा, इंग्रजी अक्षरांची भेळ आली तर समजा गुगललाही तीच भेळ दिसतेय, मग 'केळी' शोधून सापडणार कसं? यात कोणाचा आदेशबिदेश नसतो, म्हणून अर्ज टाकून हाती काही लागत नाही, सरळ साहेबांना लेखी द्या की युनिकोडमध्ये टाका.

'डिसअलाउ' किंवा 'नोइंडेक्स' खरंच सापडलं तर स्क्रीनशॉट काढा अन मग अर्ज. लिहायचं असं: अमुक वेबसाइटवर अमुक फोल्डर सर्च इंजिनला बंद करण्याबाबतचे आदेश, कार्यालयीन टिपणी अन ई-मेलच्या प्रती, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, सोबत वेबसाइट बनवणाऱ्या एजन्सीची वर्क ऑर्डर, अन सर्च कन्सोलचा (वेबसाइटवाल्यांसाठी गुगलची सोय) इंडेक्सिंग रिपोर्ट, म्हणजे कोणती पानं गुगलनं घेतली त्याचा अहवाल, उपलब्ध असेल तर त्याची प्रत. ई-मेल माहितीच्या व्याख्येत येतो, माहिती अधिकार कायद्याचं कलम २(च) बघा. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय अन साधारण १५० शब्द, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. 'आमच्याकडे नाही, एनआयसीला (सरकारी वेबसाइटचं काम बघणारी केंद्राची संस्था) विचारा' म्हणाले तर कलम ६(३) दाखवा, ५ दिवसांत अर्ज त्यांनीच पुढं पाठवायचाय. सुरक्षेचं कारण पुढं केलं तर तो स्क्रीनशॉट अपिलात जोडा, जी फाइल सगळं जग बघतं तिच्यात गुपित कसलं? पण पासवर्ड, सर्व्हरचे लॉग असलं काही मागू नका, नकार द्यायला आयतं कारण मिळतं त्यांना.

कायद्यात गुगलचं नाव कुठंच नाही बरं का. कलम ४(२) एवढंच म्हणतं की इंटरनेटसकट वेगवेगळ्या मार्गांनी माहिती आपणहून द्या, म्हणजे लोकांना अर्ज करायची गरजच कमी पडेल. अपिलात याचाच आधार घ्या.

प्रश्न (शहाद्याहून एक ताई): आमचं उलटंच आहे. मुलीचं नाव गुगलवर टाकलं तर शिष्यवृत्तीची यादी उघडते, आधार नंबर अन बँक खात्यासकट!

उत्तर: ताई, हे माहिती अधिकाराचं काम नाही, ३० दिवस थांबायची गोष्टच नाही ही. आजच लेखी तक्रार द्या, आधार कायद्याच्या कलम २९(४) नुसार आधार नंबर असा जाहीर टाकता येत नाही. फाइल वेबसाइटवरून काढायला लावा. 'रोबोट्समध्ये टाकतो' म्हणाले तर ऐकू नका, त्यानं फाइल तिथंच राहते अन वरून तिचा पत्ता जगाला सांगितल्यासारखं होतं. काढल्यावर सर्च कन्सोलमधून रिमूव्हलची, म्हणजे गुगलच्या शोधातून काढायची, विनंती त्यांनीच करायची, तिचा असर साधारण ६ महिने राहतो, तेवढ्यात मूळ फाइल गेलेली पाहिजे. कोणी टाकली त्याचे कागद मग निवांत मागा.

प्रश्न (शिरपूरहून): पहिलं अपीलही फेटाळलं. आता मुंबई गाठावी लागेल का भो?

उत्तर: नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारची दुसरी अपिलं राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जातात. ९० दिवसांची मुदत तेवढी सांभाळा.