विकिपीडियावर तुझं नाव दुसऱ्याकडे असेल तर
घाबरू नकोस, संपादनं कुठेही गेलेली नाहीत. २०१५ मध्ये सगळ्या विकींची (म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या विकिपीडिया आणि तिच्या भावंड-प्रकल्पांची) खाती एकत्र केली तेव्हा ज्यांची नावं भिडली त्यांच्या नावाला ~ आणि विकीचं नाव चिकटलं, तुझ्या नावापुढे ~एमआरविकी (म्हणजे मराठी विकिपीडिया) दिसत असेल तर ते तेच.

१) आधी सेंट्रलऑथच्या पानावर (सगळ्या विकींवरची खाती एकत्र दाखवणारं पान) हवं ते नाव टाकून बघ, कुठल्या विकीवर किती संपादनं सगळं दिसतं.
२) त्या नावाच्या खात्यावर संपादनं नसतील तर मेटा-विकीवर (सगळ्या विकींची सामायिक कामं चालतात ती विकी) नाव मागता येतं, पण ते नाव ज्याच्याकडे आहे त्या माणसाला आधी कळवावं लागतं आणि वाट बघावी लागते. तो अजून लिहित असेल तर सरळ दुसरं नाव निवड, उगाच भांडू नकोस.

आणि घाईत नवीन खातं काढू नकोस बाबा, सगळे हेच करतात, मग दोन खात्यांची संपादनं एकत्र करून मिळत नाहीत. नाव बदलून घे. आणि हो, खात्याला ईमेल जोडलाय ना ते आजच बघ.