वांदरांची वही आणि लातूरची बॅच

पत्र थोडक्यात असं: राजापूर तालुक्यातले एक आंबा बागायतदार लिहितात, "मुलगी बारावी सायन्स झाली. नीटला ७२० पैकी ३१८. जीवशास्त्र २१२, रसायन ६५, भौतिक ४१. कारण सरळ आहे. फेब्रुवारीपासून पोरगी बागेत वांदरांचे आवाज मोबाईलवर भरत बसली आणि वहीत लिहीत बसली. निकाल लागला त्या रात्री मी मोबाईल काढून घेतला, सगळी रेकॉर्डिंगं उडवली. वही कपाटात आहे. पुरावा म्हणून तीन पानांचे फोटो पाठवतो. पुढच्या आठवड्यात लातूरला रिपीटर बॅच सुरू होते, आगाऊ पैसे भरलेत. एमबीबीएस नाही तर निदान बीव्हीएससी, जनावरांची आवड आहेच. आम्ही जबरदस्ती केलेली नाही. गेल्या गणपतीत सगळ्यांसमोर तीच म्हणाली होती, डॉक्टर व्हायचंय. आता म्हणते, प्राण्यांची भाषा शिकायचीय. असला कोर्स असतो का? तिला चार शब्द सुनवा."

नमस्कार भाऊ,

चार शब्द सुनवतो, पण ते तुम्हाला.

३१८ गुणांची मला फारशी काळजी वाटली नाही. असे गुण घेऊन पुढचा सल्ला विचारायला दर जूनमध्ये माझ्याकडे रांग लागते. काळजी वाटली ती दोन वाक्यांची. एक, "रेकॉर्डिंगं उडवली." दुसरं, "आम्ही जबरदस्ती केलेली नाही."

पहिल्यापासून सुरू करतो. तुम्ही पुरावा म्हणून पाठवलेली पानं मी चष्मा पुसून दोनदा वाचली. ४ मार्चला सकाळी ६.४० वाजता विहिरीकडच्या फणसावर खॅक-खॅक असा आवाज पाच वेळा झाला आणि सगळी वर चढली, असं तिनं लिहिलंय. खाली, "मला वाटलं बिबळ्या. नव्हता. शेजाऱ्यांचा कुत्रा." ९ मार्चला भर दुपारी तोच कुत्रा आला, तरी कुणी ओरडलं नाही. तिथे तिनं लिहिलं होतं, "कुत्रा ओळखीचा झाला म्हणून", आणि मग ते खोडून बाजूला लिहिलं, "माहीत नाही." भाऊ, अठरा वर्षांची मुलगी स्वतःला सुचलेलं उत्तर खोडून "माहीत नाही" लिहिते. एमएस्सी करून आलेल्यांकडूनही मला एवढं ऐकायला मिळत नाही. आणि त्या नोंदींना जे आवाज जोडलेले होते, तेच तुम्ही पुसून टाकलेत.

पानाच्या समासात तिनं एक प्रश्न लिहिलाय: "ही बोलतात की नुसती ओरडतात?" तुम्हाला तो पोरकट वाटला असणार. आपण शाळेत पाठ केलेली यादी आठवा. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो, हत्ती चित्कारतो. पढवलेला पोपट सोडला तर "बोलतो" हे क्रियापद त्या यादीत कुणाच्याच वाट्याला येत नाही. ते का येत नाही, कुणाच्या वाट्याला थोडंसं यावं का, आणि माणसाच्या वाट्याला ते आलं कधी आणि कसं, हाच तो विषय. वैतागलेले तुम्ही पहिले नाही. पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळानं १८६६ साली नियमच करून टाकला होता की भाषेच्या उगमावरचा एकही निबंध आम्ही स्वीकारणार नाही. नुसत्या तर्कांचा पाऊस पडत होता, म्हणून. तुमच्या मुलीच्या वहीत तर्क कमी आणि वेळा जास्त आहेत.

तिनं जे केलं तेच केनियात अंबोसेलीला व्हर्वेट या आफ्रिकी माकडांवर झालं. रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं की बिबळ्यासाठी, गरुडासाठी आणि सापासाठी या माकडांची ओरड वेगवेगळी असते. त्यांनी काय केलं, तर आवाज भरून घेतले आणि आसपास कुठलाही शिकारी नसताना लपवलेल्या कर्ण्यातून वाजवले. बिबळ्याची ओरड लागली की माकडं झाडावर, गरुडाची लागली की नजर आभाळाकडे, सापाची लागली की मागच्या पायांवर उभं राहून गवतात शोध. पिल्लं चुकतात. निरुपद्रवी पक्ष्याला, कधी गळणाऱ्या पानालाही गरुडाची ओरड ठोकतात, मोठी होता होता सुधारतात. पण कालच्या बिबळ्याबद्दल एकमेकांना सांगणारं व्हर्वेट माकड कुणालाही सापडलेलं नाही. ओरडणं आणि बोलणं यांच्यामधली भिंत साधारण तिथे उभी आहे, आणि ती किती जाड यावर आजही भांडणं चालू आहेत.

आता तुमच्याच पत्रातली एक ओळ, जी तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत: "सुतळी बॉम्ब लावले तरी वांदरं चार दिवसांत सरावतात, राखण्याला ओळखतात, तो जेवायला बसला की उतरतात." हे निरीक्षण आहे, भाऊ. तुम्ही नुकसान मोजता आणि ती आवाज मोजते, पण बागेत बघताय दोघंही तेच. माझी आजी मागल्या दारी भांडी घासता घासता हुप्प्याची ओरड ऐकून सांगायची, "वाघ हाय, पोरांना आत घ्या" किंवा "काय नाय, कुत्रा." बिबळ्याला आमच्याकडे वाघच म्हणत. तिच्या वेळी हे लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

दुसरं वाक्य. "जबरदस्ती केलेली नाही, तीच म्हणाली." यावर एक गोष्ट सांगतो, तुमच्या मुलीला ती बहुतेक माहीत असेल.

बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे गणिताचे निवृत्त शिक्षक होते. त्यांनी हान्स नावाच्या घोड्याला बेरीज-वजाबाकी शिकवली. सात अधिक पाच विचारलं की घोडा बारा वेळा टाप आपटून थांबायचा. गर्दी लोटायची. १९०४ मध्ये तपासणीसाठी जाणकारांची समिती बसली, तिलाही काही लबाडी सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं घोडा सोडून प्रश्न विचारणाऱ्याकडे बघायला सुरुवात केली. विचारणारा प्रश्न टाकून किंचित पुढे वाकायचा. टापा बरोबर आकड्यावर आल्या की त्याची मान केसभर वर उचलली जायची. घोडा तेवढं बघून थांबायचा. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसलं, किंवा घोड्याला तो दिसेनासा केला, की हान्सचं गणित संपायचं. फुंग्स्टचं पुस्तक १९०७ साली आलं. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली बाब अशी की हे सगळं कळल्यावरही मानेची ती हालचाल पूर्णपणे थांबवणं त्याला स्वतःलाही जमेना. प्राण्यांच्या बुद्धीवर काम करणारा प्रत्येक विद्यार्थी आजही पहिल्या वर्षात हान्सला भेटतो.

आता गेल्या गणपतीत तुमच्या ओटीवर या. मुंबईहून सगळे आलेले, आरती झालेली, ती मोदकांचं ताट घेऊन उभी. तुम्ही विचारलंत, "काय गो, काय व्हायचंय तुला?" बाजूला काका, आत्या, आत्याचा डॉक्टर झालेला मुलगा. ती म्हणाली, "डॉक्टर." त्या क्षणी तुमची मान किती उचलली गेली, हे तुम्हाला ठाऊक नाही. तिला ठाऊक आहे, अठरा वर्षं ती तीच मान बघत आलीय. तुम्ही जबरदस्ती केली नाहीत, हे मी मान्य करतो. फॉन ऑस्टेननंही केली नव्हती. तो बिचारा मनापासून समजत होता की घोडा मोजतो. आणि माझा सगळा रोख तुमच्यावर आहे असं नाही. माझ्या केबिनमध्ये समोरासमोर बसवून "बोल बाळा, मनातलं बोल" म्हणणारे आईबाप रोज येतात आणि मीही कित्येक वर्षं त्या उत्तरांवर विश्वास ठेवून तक्ते भरले आहेत.

बीव्हीएससीचं बोलू. जनावरांची आवड म्हणजे जनावरांचा डॉक्टर, हा गैरसमज निम्म्या महाराष्ट्रात आहे, म्हणून जरा थांबतो. पहिली गोष्ट, तो मार्गही आपल्याकडे नीटच्याच गुणांवरून जातो. म्हणजे ज्या परीक्षेनं तिला खाली ढकललं तिच्याच दारात परत. मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर अशी ठिकाणं आहेत, आणि शिक्षण साडेपाच वर्षांचं. दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे. पशुवैद्याच्या हाताखाली येणारं जनावर आजारी असतं, दावणीला असतं, आणि तो ते बरं करायला बघतो. गाभण म्हशीच्या अंगात खांद्यापर्यंत हात घालायची तयारी लागते, आणि गावाकडे त्या माणसाला जो मान मिळतो तो त्यानं कमावलेला असतो. तुमच्या मुलीला जनावराला हातही लावायचा नाहीय. तिला लांब बसून, त्याला कळू न देता, ते काय करतंय ते टिपायचंय. आंबा आवडणारा प्रत्येक माणूस कलमं बांधायला लायक असतो का? मग ही तडजोड कशाला? ती तुमच्या पाहुण्यांसाठी आहे, "डॉक्टर" हा शब्द शाबूत राहावा म्हणून.

लातूर. तिथे जाऊन सुधारणारी मुलं मी पाहिली आहेत. ज्यांना तिथे जायचं होतं ती सुधारतात. हिला सकाळी सहाला उठायची सवय आहे, पण ती फणसाखाली बसायला. भौतिकशास्त्रात ४१ असताना वर्षभरात दीडशे-दोनशे गुण वाढवायला जो राग किंवा जी ओढ लागते, त्यातलं काही तुमच्या पत्रात मला दिसलं नाही. राग आहे, पण तो तुमचा आहे. आगाऊ भरलेल्या पैशांतले जेवढे परत मिळतील तेवढे घ्या.

"असला कोर्स असतो का?" या नावाची पदवी नाही. जवळचे रस्ते विज्ञान शिकवणाऱ्या केंद्रीय संस्थांचे: आयसरला प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून, भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं मूलभूत विज्ञान केंद्र इथे नेस्ट नावाच्या परीक्षेतून. पण तिथे भौतिकाला चुकवता येत नाही आणि आयसरला गणिताचेही प्रश्न असतात, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे यंदा ते स्वप्न नाचवू नका. माझं मत विचाराल तर रत्नागिरीत प्राणिशास्त्र घेऊन साधी बीएस्सी. होय, साधी. नाक मुरडू नका. शनिवारी एसटीनं घरी, रविवारी पहाटे बागेत, तीन वर्षांच्या नोंदी एकाच कळपाच्या. पुण्याच्या वसतिगृहात राहणाऱ्या पोरांना असा कळप दारात कुठून मिळणार? पुढे बेंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र आणि देहरादूनची वन्यजीव संस्था इथे वन्यजीव विषयात एमएस्सी होते. भाषेकडे ओढ जास्त निघाली तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र आहे. आणि हे सगळं परदेशातच चालतं असंही नाही. कर्नाटकात बंडीपूरला रस्त्याकडेची लालतोंडी माकडं माणसांकडे खाणं मागताना हात पसरतात आणि "कू" असा आवाज काढतात, त्यावर बेंगळुरूचे अनिंद्य सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये शोधनिबंध लिहिला. तुम्ही फटाके लावून हाकलता त्यांचीच भावकी.

पैशाचं लपवत नाही. पीएचडी धरून दहा वर्षं लागतील. नेट-जेआरएफ मिळालं तर महिना ३७ हजारांची शिष्यवृत्ती आहे, पण त्यानंतरच्या पक्क्या नोकऱ्या थोड्या आणि स्पर्धा फार. बरीच मुलं वाटेत शिक्षकी, वनखात्याच्या परीक्षा, संस्थांची कामं अशा वळणांना लागतात आणि त्यांचं बरं चालतं. तिलाही माझा एक निरोप द्या, कडक शब्दांत: गणिताशी कट्टी चालणार नाही. पाच वेळा ओरडली आणि चढली, तीन वेळा ओरडली आणि नाही चढली, यातला योगायोग किती हे संख्याशास्त्राशिवाय सांगता येत नाही, आणि आवाजाचं आज जे काम होतं ते संगणकावर होतं. वांदरांवर माया आहे म्हणून कुणी तिला पीएचडी देणार नाही.

आता करायचं काय. फुंग्स्टनं केलं तेच. प्रश्न अशा माणसानं विचारावा ज्याला उत्तराशी देणंघेणं नाही, आणि तुम्ही तिला दिसायचं नाही. आत्याला सांगू नका, तिचा मुलगा डॉक्टर आहे. तुमच्या पत्रात मुलीच्या आईचा एकदाही उल्लेख नाही, त्या असतील तर त्या, नाहीतर शाळेतल्या एखाद्या जुन्या बाई. त्या दोघी बोलत असतील तेव्हा तुम्ही बागेत जा, पार खालच्या बांधापर्यंत. आल्यावर "काय म्हणाली?" असं लगेच विचारू नका.

त्याआधी, आजच, तो मोबाईल चार्ज करा. बऱ्याच फोनमध्ये उडवलेल्या फाइली काही दिवस कचरापेटीत पडून असतात. तुम्हाला जमणार नाही, तिच्याच हातात द्या. वहीही द्या.

आणि एक राहिलं. तिसऱ्या पानाच्या फोटोत शेवटची ओळ तुमच्या अंगठ्याखाली गेलीय. "११ एप्रिल. पुन्हा खॅक-खॅक. कुत्रा नव्हता, बिबळ्या नव्हता. मग दिसलं की" इथपर्यंतच वाचता येतं. पुढे काय लिहिलंय तेवढं कळवा.