जिथे सकाळी सातला एक वाजतो

वाचकांचे प्रश्न

(दिवाळी अंकातल्या माझ्या पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबार बेटावरच्या लेखात मी लिहिलं होतं की थंड देशांपेक्षा उन्हाच्या देशांची आठवण मला जास्त येते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना ही उत्तरं.)

प्रश्न : युरोप सोडून घाम काढणाऱ्या देशांचंच एवढं कौतुक कशासाठी? आपल्याकडे ऊन कमी आहे का?
– एक वाचक, अकोला

अकोलेकरांनी हा प्रश्न विचारावा, यात मला काहीच वावगं वाटत नाही! मीही सांगलीची. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या वर्गात पोरांना भूगोल शिकवलाय. उन्हाचं अप्रूप मला नाहीच. अप्रूप आहे ते तिथली माणसं उन्हाप्रमाणे दिवस कसा लावतात त्याचं.

झांझिबार विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम सहा अंशांवर. वर्षभरात दिवस फार तर पाऊण तासाने लहान-मोठा होतो. सूर्य इतका वक्तशीर, की तिथली स्वाहिली भाषा बोलणारे तास त्याच्यापासूनच मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. दुपारचे बारा म्हणजे सहा. आपल्या पंचांगातल्या घटीही सूर्योदयापासूनच धरतात, त्यामुळे मला हे चटकन पटलं. सोबत आलेली माझी मैत्रीण आयुष्यभर बँकेत होती, तिला काही शेवटपर्यंत पटलं नाही. जेवण कधी म्हणून विचारलं की पाहुणघराच्या मालकीणबाई ‘सा सिता’ म्हणायच्या, म्हणजे सहा वाजता. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा बारा वाजलेले असायचे, आणि मैत्रीण घड्याळाकडे बघून सुस्कारा टाकायची.

त्या जेवणानंतर मात्र कुणी काही करायचं नाही. आपल्याकडची मंडळी ‘दोन ते चार म्युझियम, चार ते पाच बाजार’ असा कागद घेऊन येतात आणि परत जाऊन ‘फार गरम होतं हो’ एवढंच सांगतात. आम्ही दुपारी खिडक्या लोटून पडून राहायचो. स्टोन टाउनची, म्हणजे झांझिबारच्या जुन्या शहराची घरं प्रवाळाच्या दगडाची आणि चुन्याची, भिंती हातभर जाड. गल्ल्या इतक्या अरुंद की ऊन वरच्या मजल्यावरच अडतं. चार वाजले की घराबाहेरच्या दगडी कट्ट्यांवर पुरुष येऊन बसतात. या कट्ट्याला बराझा म्हणतात. शेगडीवर पितळेची उंच किटली ठेवलेला कॉफीवाला लहानशा कपात बिनसाखरेची कॉफी देतो, सोबत शेंगदाण्याची नाहीतर खोबऱ्याची वडी. ती वडी म्हणजे कशाता. बाओचा पट मांडला जातो आणि खेळणाऱ्यांपेक्षा सल्ले देणारे जास्त असतात. एका म्हातारबाबांनी मला शेजारी जागा करून दिली आणि तासभर नियम समजावले. मला ओ का ठो कळलं नाही, पण संध्याकाळ झकास गेली.

प्रश्न : बाई, मी तुमची नववीतली विद्यार्थिनी. मोसमी वारे तुम्ही फळ्यावर बाण काढून शिकवायचात. तिथे ते बाण दिसले का?
– एक वाचक, इस्लामपूर

दिसले गं! आणि अंगावरही आले. डिसेंबर ते मार्च साधारण ईशान्येकडून वारा येतो, तो कास्काझी. एप्रिलपासून दिशा उलटते आणि दक्षिणेकडून वाहतो तो कुसी. कच्छ, अरबस्तान, इराणची गलबतं कास्काझीवर खाली उतरायची आणि कुसीवर घरी परतायची. त्यातही भर पावसाळा टाळावा लागे, कारण तेव्हा आपल्या किनाऱ्यावर समुद्र खवळलेला. म्हणजे वारा फिरेपर्यंत खलाशांना महिनोन्‌महिने तिथेच मुक्काम. मग दुकानं निघाली, लग्नं झाली, मशिदी उभ्या राहिल्या, देवळंही उभी राहिली. मी तुम्हाला ‘व्यापारी वाऱ्यांमुळे सांस्कृतिक देवाणघेवाण झाली’ असं एका ओळीत उरकून दिलं होतं. ती देवाणघेवाण बंदरावरच्या कुठल्याही ताटात दिसते. चपाती, पिलाव आणि भजी, शेजारी नारळाच्या दुधातला भात.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. बेटावर उपाशी राहू का?
– एक वाचक, पुणे

मुळीच नाही. भाज्यांमध्ये मचिचा मागा, तो आपला माठच. नारळाच्या दुधात शिजवतात. राजम्यासारख्या दाण्यांची नारळातली उसळ मिळते, तिखट-मीठ लावलेला तळलेला कसावा (साबुदाण्याचा कंद) मिळतो आणि सकाळी चहासोबत मांदाझी, म्हणजे तळलेला गोडसर पाव.

पण खरी खायची गोष्ट म्हणजे उरोजो. पिवळं, आंबट, जरा दाट असं सार. त्यात कैरी किंवा लिंबाचा आंबटपणा आणि हळद. वर उकडलेला बटाटा, भजी, कसाव्याचा चुरा, खोबऱ्याची चटणी, लाल तिखट. त्यात मांसाचे तुकडेही घालतात, म्हणून वाढण्याआधीच ‘बिला न्यामा’ म्हणा, म्हणजे मांस नको. मी ते रोज खाल्लं. संध्याकाळी फोरोधानी बागेत ठेले लागतात तिथेही जा. तिथे बहुतेक मासळीच असते, पण आलं-लिंबू घातलेला उसाचा रस तुमच्यासाठी आहे. समोर पोरं धावत येऊन बंदराच्या भिंतीवरून समुद्रात उड्या मारतात. पाणी किती आहे ते त्यांना भरतीवरून ठाऊक असतं. रमजानच्या महिन्यात जाणार असाल तर दिवसा चारचौघांत खाऊ-पिऊ नका. आणि गावात फिरताना खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला.

प्रश्न : फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीचा, हे खरं का?
– एक वाचक, वाई

‘क्वीन’ या रॉक बँडचा हा गायक शिक्षणापुरता पाचगणीचा. जन्म 1946 चा, झांझिबारमधल्या पारशी घरातला. मूळ नाव फारुख बलसारा. शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये होता. 1964 च्या क्रांतीत बरीच अरब आणि भारतीय कुटुंबं बेट सोडून गेली, त्यांत त्याचंही होतं.

प्रश्न : तुमच्या लेखात सगळं गोड गोड होतं. गुलामांच्या बाजाराबद्दल अवाक्षर नाही. असं का?
– एक वाचक, औरंगाबाद

लेख खाण्या-फिरण्यावर होता, पण तुमचं बोट बरोबर जागी पडलंय. ज्या लवंगेच्या वासाने आपण हुरळून जातो, तिचे मळे एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या श्रमावर उभे राहिले. लवंग मूळची इंडोनेशियातल्या मालुकू बेटांची. फ्रेंचांनी ती मॉरिशसच्या बाजूला आणली आणि तिथून ती झांझिबारला आली. ओमानच्या सुलतानाला हे बेट इतकं मानवलं की त्याने मस्कत सोडून राजधानीच इकडे हलवली.

गुलामांचा बाजार 1873 साली बंद झाला. त्या वाटाघाटींसाठी ब्रिटिशांनी ज्यांना धाडलं ते बार्टल फ्रियर आधी मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडायला लावणारे तेच. सुलतान बर्गश काही गोड बोलण्याने वळला नाही. आरमाराने बंदर अडवण्याची धमकी आल्यावर सही झाली. बाजाराच्या जागी आता चर्च आहे आणि आवारातल्या खड्ड्यात गळ्यात साखळ्या अडकवलेले पुतळे आहेत. आम्ही तिथे गेलो ती सकाळ मी लेखात घातली नाही, कारण त्या सकाळी उरोजो-कॉफीच्या ओळीत बसेल असं काही नव्हतं. ती वेगळ्या लेखाची गोष्ट आहे, लिहीन.

प्रश्न : मॉरिशसमध्ये खरंच मराठी बोलतात का? आम्हाला तिथे जावई शोधायचाय!
– एक वाचक, चिपळूण

जावयाचं तुम्ही बघा, ताई. घराघरात क्रिओल चालते, शाळेत इंग्रजी-फ्रेंच. मराठी हा शाळेत घेता येणारा विषय आहे. पण गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. तुमच्या कोकणातली जाखडी तिथे अजून नाचतात, त्याला झाकरी म्हणतात. उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर नेणं 1834 मध्ये सुरू झालं. ते ज्या पायऱ्यांवरून उतरायचे तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट जरूर बघा. 2006 पासून तो जागतिक वारसा आहे. मग बाजारात जाऊन ढोल पुरी खा. डाळ भरलेली, अगदी पातळ, दोन-दोनच्या जोडीनेच मिळते. आत वालाची भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी. माझ्या रांगेत पुढे उभ्या आजींना माझ्या नऊवारीचं फार कौतुक वाटलं. त्यांना मराठी येत नव्हती आणि मला क्रिओल, तरी त्यांनी माझ्या पुरीत जास्तीची मिरची घालायला लावली हे मला व्यवस्थित समजलं. वर सब्जा घातलेली थंडगार आलूदा, म्हणजे फालुद्यासारखं दुधाचं पेय, प्यायलाच लागली.

प्रश्न : आईला (वय 70) घेऊन झांझिबारला कधी जावं? तुम्ही पाहिलंत तसंच असेल का सगळं?
– एक वाचक, ठाणे

जून ते सप्टेंबर जा. हवा कोरडी आणि त्यातल्या त्यात गार. मार्चअखेर ते मे नको, तेव्हा मोठा पाऊस. पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र पार दूर जातो. त्या उथळ पाण्यात बायका दोऱ्या लावून समुद्री शेवाळाची शेती करतात. आईंना ते बघायला आवडेल, पण अनवाणी चालू देऊ नका, साळूसारखे काटे असलेले जीव तळाशी असतात. मलेरियाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तसंच नसेल. बंदरासमोरचा ‘अजायब महाल’ 1883 मध्ये बर्गशने बांधला. बेटावरची वीज आणि लिफ्ट आधी तिथे आली. खिळा न मारता काथ्याने शिवलेली होडी मी तिथेच पाहिली. 2020 च्या नाताळात त्याचा मोठा भाग कोसळला. बातमी वाचून मी मैत्रिणीला फोन केला, तर ती म्हणाली, ‘तिथे सावली छान होती.’ तुम्ही जाल तेव्हा दुरुस्ती कुठवर आली आहे ते मला कळवा.

प्रश्न : तिथून आणलेल्या लवंगा अस्सल आहेत हे कसं ओळखायचं?
– एक वाचक, सोलापूर

नखाने दाबा, तेल सुटलं पाहिजे. नाहीतर पाण्यात टाका. चांगली लवंग बुडते किंवा डोकं वर करून उभी तरंगते. आडवी पडून तरंगली तर तिचं तेल आधीच कुणीतरी काढून घेतलंय. अशा लवंगा मसाल्यात घालू नका, आणि पुडी दुकानातून घेतली असेल तर परत करा.