बॅग हातात की विमानाच्या पोटात?

*विमानप्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई सांगलीत विश्रामबागेत विमानाची तिकिटं काढून देण्याचं काम करतात.*

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक आहे, वय ६८. बेंगळुरूला मुलाकडे नातवाचं बारसं आहे. विमान पुण्याहून आहे आणि आम्ही आठवडाभर राहणार आहोत. मुलगा म्हणतो, "बाबा, दोघांनी एकेक केबिन बॅग आणा, बाकी काही नको. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळत उभं राहावं लागतं." हिचे गुडघे दुखतात. पण हिला सुनेसाठी डिंक, खारीक, खोबरं, तूप, लोणचं आणि आमच्याकडचे बेदाणे असं सगळं न्यायचंय. घरात रोज हाच वाद. काय करावं?
*(एक वाचक, तासगाव)*

सर, मोठी बॅग काउंटरवर देऊन टाका. दोघांत मिळून एकच, पण चेक-इनला द्याच.

मुलगा सांगतो ते त्याच्या वयाला बरोबर आहे. त्याच्या पाठीवर एक सॅक असते आणि तो घरातून थेट विमानतळावर जातो. तुमच्या प्रवासात विमान जेमतेम दीड तासाचं. त्याआधी तासगावहून सांगली, सांगली स्टेशनवरचा जिना, पुण्यात उतरल्यावरची रेटारेटी आणि लोहगाव विमानतळापर्यंत रिक्षा. केबिन बॅगा या सगळ्या वाटेवर तुमच्याजवळ आहेतच, पण विमानतळावर पोचल्यावरही त्या सुटत नाहीत. तपासणीच्या ट्रेमध्ये उचलून ठेवा, पलीकडे जाऊन उतरवून घ्या, गेटपर्यंत ओढत न्या. विमानाला शिडी लागली असेल तर पायऱ्या चढा आणि शेवटी डोक्याच्या वरच्या कप्प्यात बॅग टाका. काकूंचे गुडघे दुखतात म्हणजे दोन्ही बॅगा तुम्हीच उचलणार. अडुसष्टाव्या वर्षी सात किलो वजन हात वर करून उचलताना खांदा लचकलेली माणसं मी पाहिली आहेत. पट्ट्यापाशी पंधरा-वीस मिनिटं थांबणं त्यापेक्षा कितीतरी सोपं, तिथे बसायला खुर्च्या असतात.

काकूंसाठी व्हीलचेअरची मागणी आजच तिकिटात नोंदवून घ्या, संकोच करू नका. बेंगळुरूला व्हीलचेअर ढकलणारा मदतनीस पट्ट्यापर्यंत येतो आणि बॅग उतरवायला हातभार लावतो. मुलाची काळजी तिथेच मिटते.

पैशांचं म्हणाल, तर देशातल्या बहुतेक कंपन्यांच्या साध्या तिकिटात माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन सामान धरलेलं असतं. म्हणजे त्या बॅगेचे पैसे तुम्ही भरून बसला आहात. काही अगदी स्वस्त तिकिटांत चेक-इनचं सामान वगळलेलं असतं, म्हणून मुलाला तिकिटावरची सामानाची ओळ वाचून दाखवायला सांगा. वगळलेलं निघालं तर पैसे आधीच ऑनलाइन भरा, काउंटरवर जास्त पडतात. वजन घरीच करा. साध्या वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग बॅग हातात घेऊन. फरक पंधराच्या आत ठेवा, चौदावर थांबलात तर उत्तम.

आता काकूंची यादी. तूप आणि लोणचं हातातल्या बॅगेत तपासणीला अडतं. तुमचा वाद इथेच निम्मा मिटायला हवा, कारण फक्त केबिन बॅग नेली तर या दोन्ही वस्तू मागे राहणार. चेक-इनच्या बॅगेत किलोभर तूप आणि लोणच्याची एक बरणी जाते. बरणी काचेची नको. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, वरून चिकटपट्टी, मग दोन पिशव्या आणि भोवती जुना टॉवेल. बेदाणे, खारीक, डिंक कुठेही ठेवा.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र कुठल्याच बॅगेत ठेवू नका. बाळंतिणीचं सामान म्हटलं की खोबरं आलंच, पण विमानवाहतुकीच्या नियमांत सुकं खोबरं धोकादायक मालाच्या यादीत आहे. त्यात तेल भरपूर असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. एक्स-रेमध्ये वाट्या दिसल्या की बॅग बाजूला काढतात, तुम्हाला बोलावून उघडायला लावतात आणि तोवर विमानाची वेळ होत येते. बेंगळुरूला खोबरं गल्लोगल्ली मिळतं. तिथेच घ्या, लाडू तिथेच वळा. बारशाच्या पूजेचा कापूर आणि काडेपेटी यांचंही तसंच, दोन्ही तिकडेच घ्यायचं. पानाचा डबा बरोबर असेल तर अडकित्ता चेक-इनमध्ये टाका.

बाळाचे वाळे, सोनं, रोख पैसे, चष्मा, दोघांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि घराच्या किल्ल्या या वस्तू काकूंच्या खांद्यावरच्या पर्समधून हलता कामा नयेत. इन्सुलिन घेत असाल तर तेही हातातच. विमानाच्या पोटात ते गोठलं तर वाया जातं.

एक गोष्ट मुलाच्या बाजूची आहे, तीही सांगते. बॅग द्यायची असेल तर साधारणपणे उड्डाणाच्या तासभर आधी काउंटर बंद होतो आणि नंतर विनवण्या करून उपयोग नसतो. गाडीने जाणार असाल तर खंबाटकी घाटातली कोंडी मनात धरून निघा.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत नोकरी करतो. दोन दिवसांच्या कामासाठी कोल्हापूरहून हैदराबादमार्गे दिल्लीला जायचंय. दोन्ही विमानांची तिकिटं वेगवेगळी काढली आहेत. केबिन बॅग पुरेल का?
*(एक वाचक, कुपवाड)*

पुरेल, आणि तुम्ही केबिन बॅगच न्या. तिकिटं वेगळी असल्यामुळे चेक-इन बॅग तुम्हाला हैदराबादला पट्ट्यावरून घेऊन, बाहेर येऊन, पुन्हा काउंटरवर द्यावी लागली असती. पहिल्या विमानाला उशीर झाला की दुसरं हुकण्याचं तेच मोठं कारण होतं.

फक्त उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूर विमानतळावरून सुटणारं तुमचं विमान पंख्याचं, म्हणजे एटीआर ७२ असेल, तर त्याचे वरचे कप्पे लहान असतात. नियमात बसणारी बॅगसुद्धा कधी कधी दारातच घेऊन खाली सामानात ठेवतात. म्हणून लॅपटॉप, कागदपत्रं आणि पॉवर बँक एका छोट्या पिशवीत वेगळी ठेवा, म्हणजे ऐन वेळी ती पिशवी बाहेर काढून बॅग देता येईल. पॉवर बँक विमानाच्या पोटातल्या सामानात चालत नाही. तिथे बॅटरी पेटली तर विझवायला माणूस नसतो. १०० वॉट-अवरपर्यंतची बँक विनापरवानगी नेता येते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवरची भरते, त्यामुळे नेहमीच्या वापरातली चालून जाते. तिच्यावरचा छापील आकडा पुसला असेल तर दुसरी न्या.

प्रश्न : लेक शिकायला अमेरिकेला निघाली आहे. मुंबईहून दोह्यामार्गे शिकागो आणि तिथून कोलंबस. तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा आहेत. ती म्हणते, "आई, एकच बॅग नेते, तिकडे सगळं मिळतं." मला वाटतं दोन्ही भराव्यात. कुकर, वर्षभराची हळद, मसाला, गोधडी… पहिल्यांदाच एवढ्या लांब चालली आहे.
*(एक आई, सांगली)*

ताई, तुमचा जीव तुटतोय ते पत्रातून कळतं. तरी माझं मत लेकीकडे झुकतं, अर्ध्या रस्त्यापर्यंत. दुसरी बॅग न्यावी, पण ती काठोकाठ भरू नये.

कारण सांगते. अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतरतो तिथेच इमिग्रेशन आणि कस्टम्स होतं. बॅगांच्या टॅगवर कोलंबसचं 'सीएमएच' असलं तरी शिकागोला तिला त्या पट्ट्यावरून उचलाव्या लागतील, कस्टम्समधून न्याव्या लागतील आणि पलीकडे पुन्हा द्याव्या लागतील. इतक्या तासांच्या प्रवासानंतर, झोप नसताना, एकटीने. २३ किलोच्या दोन बॅगा, एक केबिन बॅग आणि पाठीवर सॅक असा पसारा तिला एका वेळी हलवता येतो का, ते इथे करून बघा. भरलेल्या बॅगा घेऊन तिला तुमच्या सोसायटीचा एक जिना चढायला लावा. जमलं तर न्या.

कुकर चेक-इनमध्ये जाऊ द्या, आत मोजे आणि डबे कोंबा म्हणजे जागा वाया जात नाही. हळद आणि मसाला नक्की द्या, पण हातातल्या बॅगेत नको. अमेरिकेच्या विमानांत २०१८ पासून साडेतीनशे मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातात असेल तर वेगळी तपासणी होते आणि शंका फिटली नाही तर ती तिथेच काढून ठेवतात. तेलाची बाटली, तेलातली चटणी आणि खोबरेल यांना शंभर मिलिलिटरची मर्यादा आहे, म्हणजे तेही खालीच. ताजा कढीपत्ता देऊ नका. अमेरिकेत तो आणायला बंदी आहे, कारण त्यावरच्या किडीतून तिकडच्या संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लागतो. मांसाचं काही नको. आणि कस्टम्समध्ये "खायचं काही आहे का" असं विचारलं की तिने सरळ "हो" म्हणावं. हळद आहे, मसाला आहे, लाडू आहेत, असं सांगितल्याने दंड होत नाही. लपवल्याने होतो.

गोधडीचा निर्णय तुम्ही दोघी करा. मी असते तर दिली असती. ती हलकी असेल तर कुकरभोवती गुंडाळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन विमानं बदलताना बॅग मागे राहू शकते. बहुतेक वेळा ती एक-दोन दिवसांत मिळते, पण ते दोन दिवस परक्या गावात काढायचे असतात. म्हणून कपडे दोन्ही बॅगांत विभागून भरा. एकीत सगळे स्वेटर आणि दुसरीत सगळं खाणं असं करू नका. पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाकडून आलेला प्रवेशाचा कागद), मूळ प्रमाणपत्रं, लॅपटॉप, औषधं आणि दोन दिवसांचे कपडे केबिन बॅगेत. दोन्ही बॅगांचे बाहेरून आणि उघडून आतून फोटो काढा. आत एका कागदावर तिचं नाव, तिकडचा पत्ता आणि ईमेल लिहा. काउंटरवर मिळालेल्या टॅगच्या पावत्या पासपोर्टच्या कव्हरात ठेवा.

बॅग आलीच नाही तर विमानतळाच्या बाहेर पडण्याआधी सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार करायची आणि तिचा क्रमांक घ्यायचा. घरी जाऊन फोन करू, असं म्हणायचं नाही. मग जे अत्यावश्यक विकत घ्यावं लागेल त्याच्या पावत्या जपायच्या. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. त्यानुसार २१ दिवसांत बॅग आली नाही की ती हरवली असं धरता येतं. उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत भरपाई मागायची, फुटून मिळाली तर ७ दिवसांत. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार डॉलर. ही मुदत मुलांना माहीत नसते आणि ती टळून जाते, म्हणून लेकीला आजच सांगून ठेवा.

प्रश्न : मी गाणं शिकते. मिरजेतून नवा तानपुरा करून घेतला आहे. दिल्लीला कार्यक्रम आहे. तानपुरा केबिनमध्ये नेता येईल का?
*(एक वाचक, मिरज)*

पूर्ण मापाचा तानपुरा वरच्या कप्प्यात बसत नाही. त्याच्यासाठी शेजारची सीट वेगळी विकत घेता येते, मात्र ती आधी कंपनीशी बोलून, वाद्याची लांबी सांगून घ्यावी लागते. चेक-इनला द्यायचा तर मऊ कापडी खोळ अजिबात नको, फायबरची कडक पेटी हवी. तारा किती सैल करायच्या आणि भोपळ्याभोवती काय भरायचं ते ज्यांनी वाद्य बनवलं त्यांनाच विचारा, त्यांच्याइतकं कुणाला कळणार नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण काउंटरवर तो सामानाचा एक नाजूक नग असतो. 'नाजूक' अशी चिठ्ठी लावतानाच बऱ्याचदा एका टॅगवर तुमची सही घेतात. मोडतोड झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असा त्या सहीचा अर्थ असतो. सही करण्याआधी तो मजकूर वाचा.

नवं वाद्य आहे, म्हणून मी तुम्हाला विमानाने ते नेऊ नका असंच सांगेन. आयोजकांना विचारा, दिल्लीत तानपुऱ्याची जोडी मिळू शकते. स्वतःचाच हवा असेल तर गोवा एक्स्प्रेस मिरजेवरून थेट दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनला जाते. वातानुकूलित डब्यात खालचा बर्थ घ्या, तानपुरा आतल्या बाजूला भिंतीशी ठेवा आणि सोबतीला कुणाला तरी न्या, म्हणजे रात्री एकाने झोपायचं आणि एकाने वाद्यापाशी बसायचं असं करता येईल. तारखा कळवा, सीट लवकर भरतात.